लेकराची झोप एकट्या आईवर टाकू नका

“बाळ रात्री अकरा-बारापर्यंत झोपतच नाही,” ही तक्रार आपल्या वस्तीतल्या बहुतेक तरुण मातांच्या तोंडी असते. त्यावर सासूबाई म्हणतात, तुलाच निजवता येत नाही. नवरा म्हणतो, त्याला बाहेर घेऊन जा, मला सकाळी कामावर जायचे आहे. दोष आईवर टाकला की विषय संपला. पण दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा माणसे राहत असतील, तर बाळाची झोप आईच्या हातात कितीशी असणार? दिवा कधी मालवायचा, टीव्ही कधी बंद करायचा, जेवण किती वाजता, हे ज्यांच्या शब्दाने ठरते त्यांचीच ती जबाबदारी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की, एक ते दोन वर्षांच्या बाळाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी. दुपारची झोप त्यातच धरायची. आता हिशेब करा. बाराला निजलेले लेकरू सहाला नळावरच्या हंड्या-कळशांच्या आवाजाने उठते. हे झाले सहा तास. दुपारचे दोन धरले तरी आठच. म्हणजे दीड वर्षाच्या बाळाची रोज किमान तीन तास झोप बुडते. वाढीचे हार्मोन जास्त करून गाढ झोपेत तयार होते. दिवसा कानावर पडलेले नवे शब्दही झोपेतच पक्के बसतात.

झोप अपुरी पडलेले मूल पेंगताना दिसेलच असे नाही. उलट ते जास्त धावते, चावते, भुईवर लोळण घेते, घास थुंकते. आपण त्याला हट्टी म्हणतो आणि धपाटा घालतो. धपाटा घालणाऱ्या आईचीही झोप झालेली नसते, हे कोणी बघत नाही. मोठ्या माणसालाही सात तास झोप लागते. पहाटे पाचला उठून धुण्याभांड्याच्या कामाला जाणारी बाई बाळामुळे रात्री तीनदा उठत असेल, तर तिचा हात लवकर उठणारच. आणि रात्रभर जागलेला बाप सकाळी रिक्षा चालवतो, तेव्हा मागे बसलेल्यांचाही जीव धोक्यात असतो.

अशा थकव्यात माणूस सोपा उपाय शोधतो. गिरण्यांच्या काळात मुंबईत कामावर जाणाऱ्या कितीतरी बाया लेकराला अफूची बाळगोळी देत, कारण दुसरा मार्गच नव्हता. आज त्या गोळीची जागा सर्दीच्या औषधाने घेतली आहे. “एक चमचा दिला की गुपचूप निजतो,” असे सहज बोलले जाते. कृपा करून हे थांबवा. अशा औषधांनी लहान मुलांचा श्वास मंदावू शकतो. २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या विषारी औषधाने मुले दगावली. त्यानंतर केंद्रीय आरोग्य खात्याने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, असे कळवले. मोबाईल हातात देणे हाही उपाय नव्हे; त्याने झोप लांबते.

आपल्याकडे कोणी म्हणेल, बाबासाहेब तर रात्ररात्र जागून शिकले! खरे आहे. पण परळच्या चाळीतल्या त्या एका खोलीची हकिगत नीट आठवा. सुभेदार रामजी मुलाला लवकर निजवत, स्वतः दोन वाजेपर्यंत जागत, मग त्याला अभ्यासाला उठवून आपण आडवे होत. जागा कमी होती म्हणून बापाने आपली झोप मागे सारली आणि मुलाची आधी केली.

म्हणून बाळाची वेळ बापानेही पाळावी. साडेसातला त्याचे जेवण, साडेआठला मोठा दिवा आणि टीव्ही बंद. मालिका बुडेल, बुडू द्या. आठवड्यातून तीन-चार रात्री बापाने बाळाला मांडीवर घ्यावे; मिशावाल्या माणसाच्या मांडीवरही लेकरू निजते. दुपारची झोप साडेतीनच्या आत आटोपावी. बाप रात्रपाळीचा असेल तर दिवसा मोठ्या मुलाला अंगणवाडीत धाडावे, म्हणजे त्यालाही डोळा लागेल. बाळ रात्री बुड खाजवत उठत असेल तर जंत असू शकतात; अंगणवाडीत १० फेब्रुवारीला आणि १० ऑगस्टला जंताची गोळी मिळते, ती चुकवू नका. रोज घोरत असेल, तोंड उघडे ठेवून झोपत असेल, तर डॉक्टरला दाखवा.

घराने एवढे केले तरी गल्लीचा भोंगा उरतोच. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद हवा. सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सवलत देऊ शकते. जयंतीची एक रात्र लेकरू जागले तर बिघडत नाही. पण हळद, वाढदिवस, बारसे, प्रत्येक वेळी डीजे? बारसे ज्याचे, तेच बाळ दचकून रडते. अशा वेळी ११२ ला फोन करता येतो, पण शेजाऱ्याविरुद्ध फोन करायचे धाडस किती जण करतील? त्यापेक्षा मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, आणि ज्यांच्या मांडीवर लहान मूल आहे अशा चार बायांना आधी बोलू द्या.