तिरक्या घरातलं बिऱ्हाड

दोस्तांनो, तुमच्यापैकी कितीजणांनी घर बदललंय? टेम्पोत सामान चढवायचं, गाद्यांच्या वळकट्यांवर बसून जायचं, नव्या घरी दूध उतू घालायचं... मजा असते, नाही का? पण समजा, नव्या घराचा जिनाच इतका अरुंद निघाला की कपाट आत शिरतच नाही, तर?

नेदरलँड्समधल्या अॅमस्टरडॅम शहरात आम्ही भाड्याने घर घेतलं, तेव्हा अगदी हाच प्रश्न आला. कालव्याच्या काठावरचं उंच, जुनं घर. आमचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर. जिना कसला, शिडीच ती! उतरताना पाठमोरं उतरावं लागतं. मग सांगा पाहू, कपाट वर कसं गेलं असेल?

उत्तर छपराखाली होतं. तिथल्या जुन्या घरांच्या माथ्यावर एक तुळई रस्त्याच्या बाजूला डोकावते आणि तिला भलामोठा हूक असतो. हुकाला कप्पी, कप्पीतून दोर. कपाट दोराला बांधलं, खालून चौघांनी ओढलं आणि खिडकीतून आलं की आत! सतराव्या शतकात व्यापारी असल्याच हुकांनी मालाची पोती माळ्यावर चढवत. त्यांतली मिरी कधीकधी आपल्या मलबार किनाऱ्यावरचीही असे, बरं का. कालव्याकाठची जागा महाग, म्हणून घरं अरुंद आणि उंच. नीट पाहिलंत तर पुष्कळ घरं रस्त्याकडे किंचित झुकलेली दिसतील. ती मुद्दामच तशी बांधलेली आहेत, म्हणजे वर चढणारा माल भिंतीला घासत नाही.

पण सगळाच तिरकेपणा मुद्दाम केलेला नसतो. पहिल्याच संध्याकाळी आमच्या दहा वर्षांच्या लेकीच्या हातून गोटी पडली आणि घरंगळत थेट स्वयंपाकघरात गेली. उचलून पुन्हा ठेवली, पुन्हा तेच. ती रडवेली झाली. "आई, हे घर पडतंय. मला पुण्याला जायचंय." त्या रात्री ती आमच्या खोलीत झोपली, दाराच्या बाजूला, बूट उशाशी घेऊन.

"काही नाही होत गं," एवढ्यावर मुलं गप्प बसतात होय? कारण सांगावं लागतं. ते सांगितलं तळमजल्यावरच्या आजोबांनी. अॅमस्टरडॅमची जमीन म्हणजे चिखल आणि कुजलेल्या झाडपाल्याचा भुसभुशीत थर. म्हणून जुन्या काळी लाकडाचे सोट ठोकत ठोकत खालच्या घट्ट वाळूपर्यंत नेत आणि त्यांच्यावर घर उभं करत. ही वाळू साधारण १२ मीटर खोल. चार मजली इमारत उलटी गाडावी तितकं! तिथला डॅम चौकातला राजवाडा १६४८ साली बांधायला घेतला, तो १३,६५९ सोटांवर उभा आहे. आकडा लक्षात ठेवायची तिथल्या मुलांची युक्ती आजोबांनी लेकीला शिकवली. वर्षाचे दिवस ३६५. त्याच्या आधी १ लिहा, नंतर ९. झालं!

"पण लाकूड पाण्यात कुजत नाही?" लेकीने विचारलं. तुम्हालाही हेच विचारायचंय ना? गंमत अशी, की ते पाण्यात बुडालेलं असतं म्हणूनच शतकानुशतकं टिकतं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला हवा लागते, आणि बुडालेल्या सोटापाशी ती मिळत नाही. जमिनीतलं पाणी खाली गेलं आणि सोटाचं डोकं उघडं पडलं, की मात्र कुजायला सुरुवात! २०१८ चा उन्हाळा तिकडे फार कोरडा गेला, तेव्हा जुन्या घरांत राहणाऱ्यांना हाच घोर होता. आपण पाणी घरात शिरेल म्हणून घाबरतो, हे लोक पाणी आटेल म्हणून!

आमच्या घराचा एक कोपरा फार पूर्वी खचला आणि मग थांबला. मोजमाप करून झालंय, आजोबा म्हणाले. पण लेकीला पटलं ते दुसऱ्याच गोष्टीमुळे. आजोबांचा जन्म याच घरातला. त्यांच्या लहानपणीही गोटी त्याच दिशेला पळायची!

त्या रात्री बूट दाराशी गेले.

बाकीच्या गोष्टी पटापट अंगवळणी पडल्या. बेल वाजली की तेवढे जिने उतरायचं काम नाही. वरून एक दोर थेट रस्त्यावरच्या दाराच्या कडीपर्यंत गेलेला आहे, ओढला की दार उघडतं. ते काम लेकीने दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. आणि तिथे संडासात काय टांगतात माहीत आहे? वाढदिवसांचं कॅलेंडर! त्यात वार नसतात, नुसत्या तारखा, आणि तारखेपुढे नातेवाइकांची नि मित्रांची नावं. त्यामुळे तेच कॅलेंडर वर्षानुवर्षं चालतं. जागा मात्र अशी निवडलेली, की रोज नजर पडलीच पाहिजे!

एकदा आजोबांनी लेकीला सहज तिची जन्मतारीख विचारली. पुढच्या आठवड्यात ती खाली खेळायला गेली होती, ती शिडीवजा जिना धडाधडा चढत वर आली.

"आई, आई! आजोबांच्या संडासात माझं नाव लिहिलंय!"