आधी टेबल, मग मशीन

वीकेंडला वेल्डिंग शिकायचं म्हटलं की आपल्यातला प्रत्येक जण आधी मशीन शोधायला लागतो. दोनशे अँपियरचं की अडीचशेचं, इन्व्हर्टर की जुना ट्रान्सफॉर्मर... रिव्ह्यू वाचण्यात दोन रविवार जातात. टेबलाचा विषय मात्र कोणी काढत नाही. माझं मत सरळ आहे: पैसे मोजकेच असतील तर मशीन साधं घ्या आणि उरलेले टेबलाच्या लोखंडात घाला.

कुठल्याही फॅब्रिकेटरच्या दुकानासमोर पाच मिनिटं उभे राहा. ग्रिल जमिनीवर, कारागीर उकिडवा, मान खाली, आणि धूर थेट नाकात. दिवसभर हेच. आणि आपण? खुर्चीला लंबर सपोर्ट नाही म्हणून अ‍ॅडमिनला मेल टाकतो! 'आपल्याकडे असंच चालतं' हे निदान स्वतःच्या वर्कशॉपमध्ये तरी चालवून घेऊ नये. कोपराच्या जरा खाली येईल असं टेबल असलं की माणूस सरळ उभा राहतो आणि डोकं धुराच्या बाहेर ठेवता येतं. गुडघे आणि फुफ्फुसं, दोन्ही वाचतात.

शिवाय फरशी सपाट नसतेच. कोब्यावर वेल्डिंग केलं तर आतला ओलावा तापून सिमेंटचे टवके उडतात, ते वेगळंच. आणि खालचा बाक वरच्या चौकटीत हमखास उतरतो. मग गुण्या लावून कितीही बघा.

आता जाडी. इथे कंजुषी नको. १ चौरस मीटर, १ मिलिमीटर जाडीचं लोखंड म्हणजे ७.८५ किलो. त्या हिशेबाने ४ बाय २ फुटांची १० मिलिमीटरची प्लेट साधारण ५८ किलो भरते. प्लेट किलोवर मिळते, त्यामुळे ५ मिलिमीटरची घेऊन निम्मे पैसे वाचवायचा मोह होतो. पण जाडी निम्मी केली की ताठपणा निम्मा होत नाही, एक अष्टमांश होतो! (घनाचं गणित, बारावीत केलेलं असतं, फक्त लोखंडावर कधी वापरलेलं नसतं.) वर, पातळ पत्रा उष्णतेने लवकर वाकतो.

सांगाडा ५० बाय ५० च्या, ३ मिलिमीटर जाड स्क्वेअर पाईपचा पुरतो. पाईप जीआयचा मात्र नको. जस्ताचा धूर छातीत गेला तर संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. पायांच्या तळाशी नट वेल्ड करून त्यात बोल्ट बसवा, म्हणजे लेव्हल करता येते. चाकांच्या मी विरोधात आहे. हातोडा मारला की जागचं हलणारं टेबल काय कामाचं?

प्लेट सांगाड्याला चहूबाजूंनी सलग वेल्ड करायची नाही. वेल्ड थंड होताना आकसतो आणि प्लेटला ओढतो. इंचभर टाके, मध्ये वीतभर जागा, आणि टाके आलटून पालटून समोरासमोर. प्रत्येक वेळी कर्णावर दोरी ताणून बघायची. कंटाळवाणं काम आहे, पण टेबलाची किंमत खरं तर इथेच ठरते. अख्खी प्लेट परवडत नसेल तर १२ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या बोटभर फटी ठेवून बसवा. फटीतून क्लॅम्प घालता येतो, त्यामुळे मला तर हाच प्रकार जास्त आवडतो.

"फ्लॅटमध्ये कुठे ठेवू?" फ्लॅटमध्ये नकोच. बाल्कनीतल्या ठिणग्या खालच्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतात आणि आर्कचा उजेड समोरच्या पोरांच्या डोळ्यांत जातो. गावचं घर, मित्राच्या रो हाऊसचं गॅरेज, नाहीतर चौघांनी मिळून भाड्याने घेतलेला गाळा. चौघांत टेबल स्वस्तही पडतं. :-)

आणि हो, झाल्यावर हौसेने रंग मारू नका, निदान वरच्या बाजूला तरी. रंगावर अर्थिंग धरत नाही. पावसाळ्यात रविवारी संध्याकाळी तेलाचा हलका हात फिरवायचा आणि शनिवारी सकाळी चिंधीने नीट पुसून कामाला लागायचं.