पन्नास मीटर म्हणजे किती?

बँकेच्या काउंटरमागे बावीस वर्षं बसून मी येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच उपदेश करत आलो आहे : "सही करण्याआधी बारीक अक्षरं वाचा हो!" आणि त्याच अस्मादिकांनी घड्याळाच्या तबकडीवरच्या अर्ध्या ओळीवर विसंबून आपलं मनगट अरबी समुद्रात बुडवलं. ओळ होती 'वॉटर रेझिस्टंट ५० मीटर'. घड्याळ होतं सौभाग्यवतीने लग्नाच्या पंधराव्या वाढदिवसाला दिलेलं. तेही तिच्या भिशीच्या पैशातून. म्हणजे प्रकरणाचं गांभीर्य विवाहित वाचकांच्या ध्यानात आलं असेलच.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तारकर्लीला गेलो होतो. मालवणला पूर्वी लोक मासे खायला जात, हल्ली मासे बघायलाही जातात. पाठीवर हवेची नळकांडी बांधताना तिथला पोरगा म्हणाला, "काका, तां घड्याळ काढून ठेवा." मी तबकडी त्याच्या नाकापुढे धरली. "पन्नास मीटर! तू किती खाली नेणार?" तो म्हणाला, "आठ." मी बी.कॉम. आहे. पन्नासातून आठ वजा केले, शिल्लक बेचाळीस. निर्धास्त उतरलो. वर आलो तेव्हा काचेच्या आत समुद्राने आपलं चालू खातं उघडलं होतं.

दुकानदाराने घड्याळ उजेडात धरलं आणि दुःखद बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाला, "साहेब, पन्नास मीटर म्हणजे पन्नास मीटर नव्हे. हात धुताना चालतं, थोडं पोहताना चालतं."

आता माझं भांडण इथे आहे. मग तसं लिहा ना! 'हात धुण्यास योग्य' एवढं तबकडीवर लिहायला जागा पुरत नाही का? मी उद्या ग्राहकाला म्हटलं, 'तुमच्या पासबुकातले पन्नास हजार म्हणजे पन्नास हजार नव्हेत, फार तर आठ समजा,' तर तो मला काउंटरवरून बाहेर ओढील. आणि ते योग्यच होईल!

चिडलेला कारकून वाचू लागतो. मीही वाचलं. हा आकडा म्हणजे दाबाचा आकडा. समुद्रात दर १० मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. साध्या जलरोधक घड्याळांची चाचणी कारखान्यात, शांत पाण्यात, नव्या मालावर होते आणि ती काही नमुन्यांवर केली तरी नियमात बसतं. पुढे घाम, साबण, कढत पाणी आणि वय यांनी आतलं रबरी वॉशर कडक होतं. म्हणजे तबकडीवरचा आकडा ही ओपनिंग बॅलन्स आहे, आजची शिल्लक नाही!

खरं पाणबुड्याचं घड्याळ निराळं. त्याला आयएसओ ६४२५ नावाचा स्वतंत्र नियम आहे. किमान १०० मीटरची क्षमता हवी, लिहिलेल्या आकड्यापेक्षा २५ टक्के जास्त दाबाखाली एकूण एक नग तपासायचा, खाऱ्या पाण्यात टिकायला हवं, अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ दिसायला हवी. तेव्हा कुठे तबकडीवर 'डायव्हर्स' हा शब्द येतो. घ्यायचं तर तो शब्द बघून घ्या.

पण माझं मन जिंकलं ते त्याच्या फिरत्या कडीने. पाण्यात उतरताना कडीवरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची; पुढे किती मिनिटं गेली ते काटाच सांगतो. ही कडी एकाच बाजूला फिरते. खडकावर आपटून सरकलीच, तर गेलेला वेळ जास्त दिसतो, कमी कधीच नाही. माणूस चुकला तर लवकर वर येईल, उशिरा नाही. नफा हातात आल्याशिवाय धरू नये, तोट्याची मात्र आधी तरतूद करावी, हे आम्हाला अकाउंटन्सीच्या पहिल्या वर्षाला शिकवलेलं तत्त्व समुद्राच्या तळाशी असं भेटलं!

आणि ही चैन नाही. ब्लांपां या स्विस कंपनीचे प्रमुख फिश्टर स्वतः पाणबुडे होते. वेळेचं भान सुटून पाण्याखाली त्यांची हवा संपली, त्यातून ते वाचले आणि १९५३ साली त्यांच्या कंपनीने 'फिफ्टी फॅदम्स' घड्याळ काढलं. फॅदम म्हणजे आपल्या कोळ्यांची वाव. पन्नास वाव म्हणजे सुमारे ९१ मीटर. बघा, पन्नास तिथेही आहे, पण तो जीव मुठीत धरून लिहिलेला पन्नास आहे.

दुसऱ्या टोकाला आमचे मेहुणे. त्यांच्या मनगटावर ३०० मीटरचं धूड, त्याला हेलियम सोडायची झडप. ही झडप लागते ती हेलियममिश्रित हवेच्या कोठडीत दिवसचे दिवस राहून काम करणाऱ्यांना. मेहुणे राहतात कोथरूडला, आणि आंघोळीला जाताना घड्याळ काढून ठेवतात. हौशी पाणबुड्याची मर्यादा ४० मीटर. त्याला २०० मीटरचं घड्याळ भरपूर झालं. पिळून बसणारी चावी, रबराचा किंवा नायलॉनचा पट्टा (कातडी नको, कुजतो), समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याची आंघोळ आणि अधूनमधून घड्याळजीकडून वॉशर बदलून दाबाची तपासणी, एवढं पुरे. हल्ली पाणबुडे मनगटी संगणक वापरतात हे खरं. पण संगणक आल्यावरही आम्ही कागदावर बेरीज पडताळून पाहत होतोच की!

तारकर्लीच्या हौशी पाहुण्याला मात्र काहीच लागत नाही. वेळ सोबतचा पोरगा बघतो. आपण फक्त त्याचं ऐकायचं.

घरी आल्यावर सगळी हकिगत सौभाग्यवतीला सांगितली. नियम, दाब, वॉशर, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पन्नासातले आठच वापरलेत ना? मग जा, उरलेले बेचाळीस त्या दुकानातून परत घेऊन या."