कला शाखा काय ‘उरलेल्यांची’ आहे?

दहावीचा निकाल लागला की मराठी घरांत एक जुना हिशेब पुन्हा मांडला जातो. नव्वदच्या पुढे विज्ञान, पंचाहत्तरच्या पुढे वाणिज्य आणि त्याखाली जे उरेल ते कला. गुणपत्रिका हातात पडण्यापूर्वीच हा हिशेब पक्का असतो. मुलाला काय वाचायला आवडते, कोणत्या प्रश्नांवर तो जेवणाच्या ताटावर वाद घालतो, ही चौकशी त्यात कुठेच नसते. आणि एखाद्या हुशार मुलीने ‘मला आर्ट्सला जायचे आहे’ असे म्हटले, तर नातेवाईक समाचाराला यावेत तसे घरी येऊन जातात.

मी एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात सव्वीस वर्षे अर्थशास्त्र शिकवले. प्रवेशाच्या दिवसांत टेबलापाशी एक वाक्य ठरलेले असे : ‘मॅडम, मार्क कमी पडले, म्हणून याला इकडे टाकतोय.’ ते ‘टाकतोय’ मला दर वर्षी बोचत असे. मुलगा शेजारीच उभा असतो. आपल्याला निवडून कुठे पाठवलेले नाही, टाकलेले आहे, हे त्याला पहिल्याच दिवशी कळते. मग पुढची दोन वर्षे त्याने मन लावून अभ्यास तरी कशासाठी करावा?

काही वर्षांपूर्वी एक मुलगी एक्क्याण्णव टक्के घेऊन कला शाखेत आली. वडिलांचे किराणा दुकान. आमच्या शिक्षकांच्या खोलीतही कुजबुज झाली, की घरी काही अडचण असणार. अडचण काही नव्हती. तिला एक प्रश्न पडला होता. आजोबांची जमीन वाटली गेली तेव्हा तिच्या दोन्ही आत्या आल्या, हक्कसोडपत्रावर सह्या केल्या, जेवल्या आणि साडी-चोळी घेऊन परत गेल्या. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला आणि देशभरासाठी तशी दुरुस्ती २००५ मध्ये झाली, हे तिने कुठे तरी वाचले होते. ‘कायदा आत्याच्या बाजूने आहे, तर मग आत्याने सही का केली?’ असे ती मला विचारत होती.

या एका प्रश्नात किती विषय आहेत पाहा. कायदा कोण करतो आणि तो गावापर्यंत कसा पोहोचतो, हे राज्यशास्त्र. माहेर तुटू नये म्हणून बाई हक्क सोडते, हे समाजशास्त्र. जिच्या नावावर जमीन नाही तिला कर्ज कोण देणार, हे अर्थशास्त्र. आणि ही रीत कधीपासूनची, ती सगळ्या जातींत आणि सगळ्या प्रांतांत सारखीच होती का, हा इतिहास. अशा प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही, पण म्हणून तो प्रश्न सोपा होत नाही. मी तर म्हणेन, तो जास्त अवघड आहे. कारण इथे तपासणारा आणि ज्याला तपासायचे तो, दोघेही एकाच घरातले असतात.

हे विषय महाराष्ट्राला नवे नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली ती अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र या विषयांत, आणि १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले तेही मुख्यतः अर्थशास्त्र शिकायला. पुण्याच्या गोखले संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ हे अर्थशास्त्राचे अभ्यासक. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना एकत्र करून सहकारी साखर कारखाना उभारायचे मनावर घेतले, तेव्हा गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि कारखान्याचे अध्यक्षही झाले. त्याच संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आज आपण ‘दारिद्र्यरेषा’ हा शब्द सहज वापरतो. पण ती रेषा कुठे ओढायची, यासाठी आधी कोणाला तरी बसून हिशेब करावा लागतो. इरावती कर्वे तर हातात मोजपट्टी घेऊन खेडोपाडी हिंडल्या. ही माणसे काही उरलेल्या जागेवर जाऊन बसली नव्हती.

पालकांची भीती मला कळते. ‘यात पोट भरते का?’ हा प्रश्न हलका नाही, आणि ज्यांच्या घरी दोन वेळची विवंचना आहे त्यांनी तो विचारलाच पाहिजे. त्याचे प्रामाणिक उत्तर असे, की नुसत्या बी. ए.च्या कागदावर पोट भरत नाही. पण हल्ली नुसत्या बी. ई.च्या कागदावरही ते भरत नाही. चांगले वाचता येणे, आकडे समजणे, दोन भाषांत नेमके लिहिता येणे, एवढे ज्याने कमावले त्याला कायदा, पत्रकारिता, बँका, समाजकार्य, संशोधन, अध्यापन, ग्रंथालये, मानसोपचार अशी कितीतरी दारे उघडी आहेत. ज्याने गाइड पाठ करून पास होण्यापुरते गुण मिळवले, त्याला कोणत्याच शाखेत दार उघडत नाही.

हल्ली काही पालक कला शाखेला आनंदाने होकार देतात; पण तो स्पर्धा परीक्षेसाठी. सोळा वर्षांच्या मुलाला पाठ्यपुस्तकाआधी चालू घडामोडींचे मासिक घेऊन दिले जाते. परीक्षा जरूर द्यावी. पण जागा थोड्या आणि उमेदवार लाखोंनी, हे सर्वांना ठाऊक आहे. इतिहासाकडे केवळ त्या परीक्षेची पायरी म्हणून पाहणाऱ्याच्या हाती, ती पायरी चुकली तर काहीच उरत नाही. विषयाची गोडी लागलेल्याकडे निदान विषय उरतो.

म्हणून माझे पालकांना सांगणे आहे, की शाखेवर वाद घालू नका, विषयांची चौकशी करा. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. अर्जात आपण महाविद्यालय आणि शाखा यांचा पसंतीक्रम भरतो. पण त्या महाविद्यालयात कोणते विषय खरोखर शिकवले जातात, हे फार थोडे लोक विचारतात. मानसशास्त्र हवे असलेल्या मुलीला ते तिथे नाही असे प्रवेशानंतर कळते. अर्थशास्त्रात पुढे जायचे असेल तर कला शाखेतही गणित घेता येते, फक्त ते शिकवणारे महाविद्यालय शोधावे लागते. दिल्ली विद्यापीठासारख्या ठिकाणी अर्थशास्त्राच्या ऑनर्स पदवीसाठी बारावीचे गणित लागतेच. हे अकरावीला ठाऊक नसेल, तर बारावीनंतर हळहळून उपयोग नाही. ‘कोणत्या विषयात मार्क सुटतात’ एवढेच पाहून विषय घेणाऱ्यांची फसगत होते ती इथे.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला आणि विज्ञान यांच्यात पक्की भिंत नको, असे म्हटले आहे. विचार उत्तम आहे. पण लहान गावात ती भिंत वेळापत्रकाची आणि रिकाम्या जागांची असते. आमच्याकडे तर्कशास्त्राचे प्राध्यापक निवृत्त झाले, जागा भरली गेली नाही, विषय बंद पडला. कुणी तक्रार केली नाही. कारण तो विषय गेल्याचे कुणाच्या लक्षातच आले नाही. शिकवायला माणूस नसेल, तर मुलांनी निवड करायची ती कशातून?

तेव्हा निकाल लागण्याची वाट पाहू नका. दहावीचे इतिहास आणि राज्यशास्त्राचे पुस्तक एकदा स्वतः चाळून पाहा. सनावळी आणि तहांची कलमे एवढेच ज्यांना आठवते, त्यांना आश्चर्य वाटेल. त्यात इतिहास कसा लिहिला जातो यावर धडे आहेत. प्रसारमाध्यमे, पर्यटन, खेळ यांच्याशी इतिहासाचे नाते काय, तेही आहे. मग मुलाला त्यावर दोन प्रश्न विचारा. तो कंटाळून उठून गेला, तर त्याला या शाखेत टाकू नका. आणि उलट त्यानेच तुम्हाला चार प्रश्न विचारले, तर टक्के कितीही असोत, त्याची वाट अडवू नका.

ती आत्याचा प्रश्न घेऊन आलेली मुलगी आता कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिचे वडील परवा बाजारात भेटले. म्हणाले, ‘मॅडम, वाटणीचे कागद पुन्हा काढून बसली आहे.’ त्यांच्या आवाजात काळजी होती, आणि थोडा अभिमानही.