विक्रमी गल्ला, रोडावलेला खेळ

लास व्हेगासच्या अलिजियंट स्टेडियमवर १३ सप्टेंबर २०२५च्या रात्री टेरेन्स क्रॉफर्डने साऊल ‘कॅनेलो’ अल्वारेझला गुणांवर हरवले. दोन वजनगट ओलांडून वर आलेल्या सदतीस वर्षांच्या क्रॉफर्डच्या बाजूने तिन्ही पंचांनी कौल दिला. जगज्जेतेपदाच्या चार पट्ट्यांच्या जमान्यात तीन वजनगटांत निर्विवाद जगज्जेता झालेला तो पहिला पुरुष. पराक्रम मोठाच, पण मुष्टियुद्धाच्या बाजारात त्याहून अधिक चर्चा झाली ती ही लढत पाहण्यासाठी कुणाला वेगळे पैसे मोजावे लागले नाहीत याची. नेटफ्लिक्सचे सदस्यत्व पुरेसे होते. आपल्याकडे रविवारी सकाळी १४९ रुपयांच्या मोबाइल प्लॅनवरही ती दिसली. जगभरात चार कोटींहून अधिक लोकांनी ती पाहिल्याचे कंपनी सांगते. त्याआधी ऑगस्टमध्ये यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्सच्या संघटनेनेही पॅरामाउंटशी सात वर्षांचा ७७० कोटी डॉलरचा करार केला आणि २०२६पासून पे-पर-व्ह्यू बंद करण्याचे जाहीर केले. एकेका लढतीचे दाम प्रेक्षकाकडून थेट वसूल करण्याची ही रीत मोडकळीला येत असताना, तिच्यामुळे मुष्टियुद्धाचे भले झाले का, हे विचारून घ्यायला हवे.

या रीतीचा कळस म्हणजे २ मे २०१५ची फ्लॉइड मेवेदर विरुद्ध मॅनी पॅकियाओ ही लढत. अमेरिकेत ४६ लाख घरांनी ती विकत घेतली. एचडी प्रक्षेपणाचा दर ९९.९५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने सहा हजार रुपयांच्या वर. ऐन वेळी खरेदीची अशी झुंबड उडाली की केबल कंपन्यांच्या यंत्रणा कोलमडल्या आणि पैसे भरलेल्यांना चित्र मिळावे म्हणून मुख्य लढतच उशिरा सुरू करावी लागली. दोघे योद्धे तयार, कोट्यवधी माणसे ताटकळलेली आणि सगळे अडले आहे गल्ल्यापाशी, असे दृश्य खेळाच्या इतिहासात विरळाच. मग बारा फेऱ्या झाल्या. मेवेदर नेहमीप्रमाणे अंतर राखून, हुलकावण्या देत सहज जिंकला. पॅकियाओचा खांदा आधीच दुखावलेला होता, हे नंतर उघड झाले. संतापलेल्या प्रेक्षकांनी कोर्टात धाव घेतली, पण पैसे भरले ती लढत त्यांना पाहायला मिळाली आहे, असे म्हणत न्यायालयाने त्यांना वाटेला लावले. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. खेळाचा तोटा मात्र वेगळाच होता.

त्या रात्री पडद्यासमोर जेवढे नवे प्रेक्षक बसले होते, तेवढे मुष्टियुद्धाला कित्येक वर्षांत मिळाले नव्हते. त्यांना खेळाची गोडी लावायची एवढी संधी पुन्हा कधी येणार होती? मुख्य लढतीआधी मात्र त्यांना अवघ्या दोन लढती दाखवल्या गेल्या, त्याही निकाल आधीच ठाऊक असल्यासारख्या. एकीत लोमाचेन्कोसारखा असामान्य योद्धा होता, पण त्याच्या तोडीचा प्रतिस्पर्धी नव्हता. चार महिन्यांनी मेवेदर पुन्हा रिंगमध्ये उतरला, तेव्हा विक्री साडेपाच लाखांपलीकडे गेली नसल्याचे अंदाज आले. पुढच्या वर्षी पॅकियाओचा आकडा चार लाखांच्या आसपास राहिला. ४६ लाख घरे आली कशी आणि गेली कशी, ते प्रवर्तकांना कळलेही नाही. किंवा कळून घ्यायची गरज वाटली नाही. त्या लढतीचे संयुक्त प्रक्षेपण करणाऱ्या दोन वाहिन्यांपैकी एचबीओने २०१८मध्ये आणि शोटाइमने २०२३मध्ये मुष्टियुद्धाला रामराम ठोकला.

प्रेक्षक घडतो तो फुकटच्या पडद्यावर. १९७८मध्ये मुहम्मद अली आणि लिऑन स्पिंक्स यांची दुसरी लढत एबीसीवर सुमारे नऊ कोटी अमेरिकनांनी पाहिली. शुगर रे लेनर्ड १९७६च्या माँट्रियल ऑलिम्पिकमधून घराघरात पोचला आणि पुढच्याच वर्षी त्याची पहिली व्यावसायिक लढतही सीबीएसवर दिसली. पुढे त्याच्या लढतींना लोक पैसे मोजू लागले, कारण ते त्याला आधीपासून ओळखत होते. नंतरच्या प्रवर्तकांनी पेरणीसाठी राखलेले बियाणेच दळून खाल्ले. आज ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवलेल्या मुष्टियोद्ध्याचे नाव सामान्य अमेरिकन माणसाला सांगता येईल, अशी पैज कुणी लावणार नाही.

दुसरा तोटा खेळाच्या गाभ्याशी भिडतो. एका रात्रीत सगळी कमाई करायची, तर लढत लांबवत नेण्यात फायदा असतो. मेवेदर आणि पॅकियाओ यांची बोलणी २०१०च्या सुरुवातीला उत्तेजक चाचणीच्या वादावरून फिसकटली. ते अखेर भिडले तेव्हा एक अडतीस वर्षांचा होता, दुसरा छत्तीसचा. दोघांच्या ऐन उमेदीची पाच वर्षे तंट्यात गेली आणि त्या तंट्यानेच भाव वाढवला. अजिंक्य राहण्याला बाजारात एवढी किंमत आली की तोलामोलाच्या माणसाशी लढणे हा घाट्याचा सौदा ठरू लागला.

या रीतीचे श्रेयही दिले पाहिजे. मुष्टियोद्ध्याला लुबाडणे हा या धंद्याचा जुना शिरस्ता. मेवेदरने २००६मध्ये साडेसात लाख डॉलर मोजून प्रवर्तकाचा करार सोडवून घेतला आणि आपल्या लढतींचा धनी तो स्वतः झाला. पे-पर-व्ह्यूमध्ये किती घरांनी कुणासाठी पैसे भरले हे दिसते, त्या आकड्याच्या जोरावर योद्धा ताठ मानेने वाटा मागू शकतो. हे लहान काम नाही. फक्त ही मोकळीक शिखरावरच्या चार-दोघांनाच मिळाली.

क्रॉफर्डच्या लढतीमागे सौदी अरेबियाचा पैसा आणि तिथले अधिकारी तुर्की अललशिख यांचा पुढाकार होता, हेही नजरेआड करू नये. प्रेक्षकाचा खिसा वाचला, पण तिजोरीची किल्ली एका राजसत्तेच्या हाती गेली. तिचा उत्साह ओसरला तर काय, याचे उत्तर कुणाकडे नाही. तरीही चार कोटी माणसांनी एक चांगली, चुरशीची लढत पाहिली, हे खेळाच्या दृष्टीने ४६ लाख पावत्यांपेक्षा मोलाचे आहे.

आता या नव्या पैशातून खालच्या फळीला काय मिळते, ते पाहावे. अमेरिकी काँग्रेसमध्ये जुलै २०२५मध्ये एक विधेयक मांडले गेले. मुष्टियोद्ध्याला एका फेरीमागे किमान १५० डॉलर मिळावेत, अशी त्यात तरतूद होती. चार फेऱ्या लढणाऱ्या नवख्या पोराच्या हाती त्या हिशेबाने ६०० डॉलर पडतात. २०१५च्या त्या रात्री सहा घरांनी मिळून भरलेली ही रक्कम आहे, आणि तेवढी मिळण्यासाठीही कायदा लागतो.