गाइडलाइन्स पुरे, आता बटण द्या!

मंडळी, या वीकेंडला एक प्रयोग करून बघा. कुठलंही सरकारी पोर्टल उघडा, माउस बाजूला ठेवा आणि फक्त कीबोर्डवर एक अर्ज पूर्ण भरून दाखवा. टॅब, टॅब, टॅब... कर्सर नेमका कुठे आहे, हे दिसतंय का? जन्मतारखेच्या कॅलेंडरमधून १९९७ पर्यंत मागे जाता आलं का? चूक झाली तर कुठल्या रकान्यात झाली, ते कळलं का? आता दुसऱ्या खात्याचं पोर्टल उघडा. तिथे सगळं वेगळं आणि अडचणीही वेगळ्या. सरकार एकच, पण 'पुढे जा'चं बटण कधी डावीकडे, कधी उजवीकडे, तर कधी बटण नसून बटणाचं चित्र!

आपल्याला हा फक्त वैताग आहे. दोन शिव्या घालतो आणि माउस उचलतो. पण स्क्रीन रीडरवर काम करणाऱ्या दृष्टिहीन माणसाकडे उचलायला माउस नसतो. चित्रातला कॅप्चा त्याला ऐकू येत नाही. मग तो काय करतो? नेट कॅफेत जातो आणि आधार क्रमांक, पासवर्ड, ओटीपी सगळं एका अनोळखी माणसाच्या हातात देतो. बँकेत असं केलंत तर बँकच ओरडेल. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग व्यक्तींची नोंद आहे. त्यातल्या २९ लाखांहून जास्त महाराष्ट्रातल्या. मोतीबिंदू झालेले तुमचे-माझे आजी-आजोबा आणि हात प्लास्टरमध्ये असलेला तुमचा मित्र यांत धरलेच नाहीत.

बरं, नियम नाहीत असं मुळीच नाही. सरकारी वेबसाइट्ससाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २००९ सालीच आली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत. एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा थेट जगण्याच्या हक्काचा, म्हणजे कलम २१ चा भाग आहे, असं सांगितलं. याच्यापेक्षा वरचं कोर्ट आपल्याकडे नाही, बॉस!

मग अडतंय कुठे? माझं म्हणणं साधं आहे. आपण नियम पीडीएफमध्ये लिहितो आणि कोड मात्र प्रत्येकाला शून्यापासून लिहायला लावतो. टेंडर सगळ्यात कमी दरवाल्याला मिळतं, डेडलाइन डोक्यावर असते आणि कोड लिहिणारा पोरगा वर्षभरापूर्वी कॉलेजातून बाहेर पडलेला असतो. तो जाडजूड पीडीएफ वाचून अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातलं कॉन्ट्रास्ट ४.५ : १ आहे का ते मोजणार? नाही मोजणार. तो नेटवर मिळेल ते कॅलेंडर उचलून चिकटवणार. पंधरा खाती, पंधरा व्हेंडर, पंधरा कॅलेंडरं आणि पंधराही बिघडलेली. यातल्या प्रत्येकाचे पैसे आपणच भरले, हे वेगळं सांगायला नको.

ब्रिटनने हे वेगळ्या रीतीने केलं. २०१२ मध्ये तिथे गव्ह डॉट यूके सुरू झालं आणि २०१८ मध्ये त्याची सामाईक डिझाइन सिस्टिम आली. म्हणजे काय? तर बटण, रकाना, चुकीचा संदेश, तारीख या सगळ्याचे तयार आणि तपासलेले सुटे भाग. कोड सगळ्यांसाठी खुला. जन्मतारखेसाठी कॅलेंडर नाहीच, सरळ तीन चौकोन : दिवस, महिना, वर्ष. टाइप करा आणि पुढे चला. किती साधं! पण ते साधेपण माणसांना समोर बसवून, तपासून आलेलं आहे. त्याच वर्षी तिथे सरकारी साइट्सच्या सुगम्यतेचे कायदेशीर नियमही लागू झाले. कायदा आणि कोड सोबत आले, हा खरा धडा.

आपल्याकडे काहीच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. एनआयसीच्या 'एस-थ्री-वास' या तयार साच्यावर जिल्ह्यांच्या वेबसाइट्स उभ्या आहेत आणि म्हणूनच त्या एकसारख्या दिसतात. 'यूएक्सफोरजी' नावाने केंद्राचे तयार सुटे भागही आहेत. २०२५ मध्ये सरकारी साइट्सच्या रंग-रूपाची एक पुस्तिका आली. पण जिल्ह्याच्या साइटवर आपण कलेक्टर ऑफिसचा फोन नंबर बघतो. खरं काम, म्हणजे अर्ज, दाखला, शिष्यवृत्ती, होतं वेगळ्या पोर्टलवर. आणि रंग जुळले म्हणून अर्ज भरता येत नाही.

यावर ठरलेले आक्षेप येतात. पहिला, "सगळं सारखंच दिसलं तर खात्याची ओळख काय राहील?" अहो, पोस्टाची पेटी सोलापुरात लाल आणि साताऱ्यात जांभळी हवी, असं कोणी म्हणतं का? ओळख कामाने होते. दुसरा, "आम्ही अक्षर लहान-मोठं करायची बटणं दिली आहेत ना!" दिली आहेत, पण मूळ रकान्याला नावच नसेल तर अक्षर मोठं करून स्क्रीन रीडर काय वाचणार? तिसरा आक्षेप खरा आहे : तयार भाग वापरले म्हणून पोर्टल आपोआप सुगम्य होत नाही. मान्य! म्हणून तर शेवटी माणसांकडून तपासणी हवी. पण तयार विटा मिळाल्या तर गवंड्याचं लक्ष भिंतीकडे राहतं.

आणि हे सगळं मराठीत हवं, इंग्रजीचं भाषांतर करून नव्हे. वेलांट्या-उकार कापले जाणार नाहीत इतकं ओळींमधलं अंतर, सगळीकडे युनिकोड, पानाची भाषा मराठी असल्याचा टॅग (तो नसेल तर स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जातो) आणि 'अवैध निविष्टी'ऐवजी 'मोबाइल नंबर १० अंकी लिहा' असं माणसाच्या भाषेत सांगणारे संदेश. हे एकदा नीट करून ठेवलं तर राज्यातल्या प्रत्येक खात्याला पुन्हा फुकट वापरता येईल.

तर मागण्या दोनच. एक, प्रत्येक टेंडरमध्ये अट घाला : सामाईक सुटे भागच वापरायचे, वेगळं काही हवं तर लेखी कारण द्या. दोन, व्हेंडरचा शेवटचा हप्ता तेव्हाच द्या, जेव्हा दृष्टिहीन आणि इतर अपंग व्यक्ती, त्यांच्या वेळेचं मानधन घेऊन, तो अर्ज सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः भरून दाखवतील. बिल अडकलं की कीबोर्ड कसा पटकन चालायला लागतो, ते बघाच!

स्वतःचा अर्ज स्वतः भरता येणं ही कोणावर केलेली मेहेरबानी नाही. तो हक्क आहे, कोर्टाने तसं लिहून दिलंय. आता तो कोडमध्ये लिहा.