हुंडी आणि पत

चिपळूण तालुक्यातील अलोरे हे सह्याद्रीच्या पायथ्याचे गाव. कोयनेचे पाणी पोफळीच्या वीजगृहातून उतरून कोळकेवाडीच्या धरणात साठते आणि अलोरे येथील वीजगृहात पुन्हा कामास येते. तेथील चार जनित्रांची क्षमता ३२० मेगावॉट आहे. मात्र प्रत्यक्षात किती वीज निर्माण झाली, हे समारंभातील भाषणांवरून नव्हे, तर मापकावरून कळते. देशाच्या सर्वोच्च पदासाठी उभ्या राहणाऱ्या उमेदवाराची पारख करतानाही हाच प्रश्न येतो. त्याचे स्फूर्तिदायक वक्तृत्व मोलाचे, की मागील कार्याची नोंद?

या कसोटीचे उत्तम उदाहरण कोकणातलेच आहे. महाडजवळील नाते येथे जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत त्यांनी भारताची बाजू मांडली. पुढे ते अर्थमंत्री असताना १९५५ मध्ये स्टेट बँक अस्तित्वात आली आणि १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. लोकसभेतील त्यांच्या त्या निवेदनाला वजन आले, कारण शब्दांची किंमत त्यांनी स्वतःचे पद देऊन चुकती केली होती.

१९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत हेच देशमुख स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्या पाठिंब्याने उभे होते. पहिल्या पसंतीच्या मतमूल्यात व्ही. व्ही. गिरी यांना ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते पडली. काँग्रेसमधील अंतर्गत संघर्षाने तो निकाल ठरविला. तेथे वक्तृत्वही गौण ठरले आणि कार्याची नोंदही.

म्हणून केवळ अनुभवाची यादी पुरेशी मानावी काय? अमेरिकेचा इतिहास तसे सांगत नाही. १८५७ मध्ये अध्यक्ष झालेले जेम्स ब्युकॅनन सिनेटर, परराष्ट्रमंत्री, तसेच रशिया व ब्रिटनमधील राजदूत राहिले होते. तरीही दक्षिणेकडील राज्ये फुटू लागली, तेव्हा फुटण्याचा हक्क राज्यांना नाही, पण त्यांना रोखण्याचा अधिकार केंद्र सरकारलाही नाही, अशी भूमिका घेऊन ते स्वस्थ राहिले. त्यांच्यानंतर आलेले अब्राहम लिंकन राष्ट्रीय कायदेमंडळात जेमतेम दोन वर्षे बसले होते. फेब्रुवारी १८६० मध्ये न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमधील भाषणाने त्यांचे नाव पुढे आले. त्या भाषणाचे बळ मात्र आवेशात नव्हते. राज्यघटनेवर सह्या करणाऱ्या ३९ जणांनी नव्या प्रदेशांतील गुलामगिरीविषयी प्रत्यक्ष काय केले, याची जुनी दप्तरे तपासून लिंकन यांनी ती नोंद श्रोत्यांपुढे ठेवली होती.

व्यापारी घराण्यांना यातील मर्म नवे नाही. भाषण ही हुंडी आहे आणि कार्य ही पत. हुंडीवाचून व्यवहार पुढे सरकत नाही. नुसती तिजोरीत पडलेली पुंजी कोणाच्या कामास येत नाही. पण हुंडीचे अक्षर कितीही सुंदर असले, तरी ती वटते लिहिणाऱ्याच्या पतीवर. आणि पत म्हणजे भूषविलेल्या पदांची यादी नव्हे. अडचणीच्या घडीला घेतलेले निर्णय आणि त्यासाठी सोसलेला तोटा, यांतून ती उभी राहते.

राष्ट्रपतीच्या निवडणुकीत सामान्य नागरिकास थेट मत नसते. पतसंस्था, व्यापारी मंडळ आणि विश्वस्त मंडळ यांच्या निवडणुकीत मात्र ते असते, आणि तेथेही सभा जिंकणाऱ्या वक्त्याकडे मन ओढले जाते. अशा वेळी टाळ्यांचा आवाज ओसरू द्यावा आणि थोडे प्रश्न विचारावेत. या गृहस्थाने पूर्वी हाती घेतलेल्या संस्थेचे हिशेब वेळेवर मांडले होते काय? लेखापरीक्षकाचे शेरे दूर केले होते काय? नुकसानीच्या वर्षी सभासदांना खरी स्थिती सांगितली होती काय? उत्तरे समाधानकारक असतील आणि वाणीही प्रेरक असेल, तर तो उमेदवार संस्थेचे भाग्यच होय. दोहोंपैकी एकच मिळत असेल, तर ठेवीदाराने कशाची निवड करावी, हे त्याची स्वतःची खातेवहीच त्याला सांगेल.